हनीफचाचांचं चौथं वाक्य

फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या एका छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होते. नंबर नसरीनचा होता. नसरीन म्हणजे हनीफचाचांची मुलगी. लग्न होऊन सुरतेला असते, मला सहसा फोन करत नाही. "अब्बा गये," एवढंच म्हणाली. सकाळची नमाज पढून आले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत बसल्या जागी… मी 'धिक्कार' या शब्दाचं प्रूफ सुधारत होते, ते तसंच टाकून निघाले. तळोद्याला पोहोचले तोवर जनाजा निघायच्या बेतात होता. कब्रस्तानात बायका जात नाहीत. मी घरात बायकांमध्ये थोडा वेळ बसले, मग राहवेना म्हणून उठून बाजारातल्या त्यांच्या बंद दुकानासमोर जाऊन उभी राहिले. दफन आटोपल्यावर माणसं त्याच वाटेने परतली. त्यांत वसावे गुरुजी होते. धडगावच्याही वरच्या डोंगरातल्या शाळेचे मास्तर, मिळेल ती जीप पकडून आलेले. माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, "ताई, मागच्याच महिन्यात वर आले होते ते. सगळ्या मशिनींवर नवीन टाकून गेले. आता पुढचं कोण टाकेल?" मला वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतो. टाकण्यासारखं नवीन काही उरलंच नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती लढाई मी स्वतः लढून हरले होते. निदान माझी तशी समजूत होती.

हनीफचाचा मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. दुकानात दोन बाकं, सहा यंत्रं, भिंतीवर बोटं कुठे ठेवायची त्याचा तक्ता. माझे वडील, आप्पा, वनजमिनीच्या चळवळीतले. पत्रक काढायचं म्हणजे आधी प्रती काढायची मेणकागदाची स्टेन्सिल कापून घ्यायला चाचांकडे जायचं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, बालभारतीच्या आधी. आप्पा तोंडी सांगत, चाचा टाइप करत, मी बाकावर पाय हलवत ऐकत असे. आप्पांच्या मजकुरात निषेध फार. एकदा चाचा बोटं थांबवून म्हणाले, "भाऊ, इतला निषेध एकच कागदवर कसाले? थोडाक पुढला कागदसाठे ठेव ना." आप्पा चिडले. चाचांनी शांतपणे यंत्राचा पुढचा भाग उचलून उद्गारचिन्हाचा खिळा दाखवला. बाकीचे सगळे खिळे धड, तेवढा एक झिजलेला. "हाऊ तुन्हामुळे झिजना," म्हणाले. आप्पाही हसले. माझं लिहिणं सुरू झाल्यावर तो वारसा माझ्याकडे आला. दुकानात पाऊल टाकलं की ठरलेलं स्वागत असे: "काय व पुढारीन, आज कोना निषेध शे?"

टाइपरायटर गेले, संगणक आले. चाचांनी पन्नाशीत संगणक उघडायला शिकून घेतला. शिकवायला कोणी नव्हतं. जिनिंग मिलच्या ऑफिसातून, पतपेढीतून, समोरच्या कापडवाल्या शांतीलालशेठकडून जुने संगणक भंगारात निघत, ते चाचा उचलून आणत. या दोन यंत्रांचे भाग त्या एकात, असं करून चालतं करत. त्यावर ते संगणक चालवणारी एक मुक्त प्रणाली बसवत. मुक्त म्हणजे जिचा आतला सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, जी कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही आणि जगभरचे लोक आपापल्या रिकाम्या वेळात मिळून बनवतात. मला या कल्पनेचं वेड लागलं. मी तिच्यावर भाषण ठोकत असे. चाचांना भाषणाशी घेणं नव्हतं. "जुन्यावर चालस," इतकंच ते म्हणत. चालतं केलेल्या प्रत्येक यंत्राचं ते एक पुठ्ठ्याचं कार्ड करत. कुठून आलं, आत कोणता प्रोसेसर, कोणता भाग कोणाचा, खोड काय. शांतीलालशेठ त्याला जन्मपत्रिका म्हणायचे. "हनीफभाई, पत्रिका जुळवून मगच पाठवता का सासरी?" असं चिडवायचे. आणि खरंच, गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन ती यंत्रं डोंगरात जात, तेव्हा पाठवणीसारखंच दिसे. अशी सतरा यंत्रं त्यांनी नऊ शाळांत पोहोचवली होती.

शाळेत यंत्र कशाला, असं खालच्या माणसाला वाटेल. वसावे गुरुजींच्या शाळेमागे एक टेकाड आहे, तिथल्या टॉवरची रेंज शाळेत जेमतेम पोहोचते. मुलं शिकतातच, पण दुपारी तिथे गाव जमतं. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डातलं नाव, जातीच्या दाखल्याची पोच… सगळं आता संगणकावर. हे करायला धडगावला उतरायचं म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि खाली गेल्यावर लाइट नाही, सर्व्हर नाही, उद्या या. एका बाईला मी तिथे पाहिलंय. मुलीचा अर्ज भरून पोचपावतीचा कागद निघाला, तेव्हा तिने तो घडी न घालता, दोन्ही हातांनी आडवा धरून, वाऱ्याकडे पाठ करून घरापर्यंत नेला. चाचा दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. मी काहीतरी मोठं बोलणार होते, त्यांनी हातानेच थांबवलं.

मग दीड-एक वर्षापूर्वी त्या प्रणालीवाल्यांची एक सूचना आली. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. प्रत्येक मेंदूला ठराविक हुकूम कळतात, नव्याला जास्त, जुन्याला कमी. प्रणाली बनवणारे लोक एक किमान पायरी ठरवतात: इतके हुकूम कळणारा मेंदू असेल तरच आमची पुढची आवृत्ती चालेल. ही पायरी आता वर सरकणार होती. जुन्या यंत्रांवर जुनी आवृत्ती चालत राहिली असती, पण सरकारी अर्जांची पानं दर काही महिन्यांनी बदलतात आणि जुन्या आवृत्तीत उघडेनाशी होतात. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत आमची सतरा यंत्रं नुसती पेटी झाली असती. चाचांनी चाचणीची नवी आवृत्ती दुकानातल्या एका यंत्रावर टाकून पाहिली. बराच वेळ पडदा काळा राहिला, मग दोन इंग्रजी शब्द उमटले. अर्थ होता : बेकायदेशीर आदेश. जुन्या मेंदूला न कळणारा हुकूम आला की यंत्र असंच म्हणतं. चाचा चष्मा वर करून म्हणाले, "बारा वरीस चालनं तवय कायदाम्हा व्हतं. आते बेकायदा कसं व्हयनं?" ते सहज बोलले. माझ्या मात्र अंगात वीज शिरली. ज्यांना त्यांच्याच जमिनीवर अतिक्रमणदार ठरवलं, त्या लोकांमध्ये मी वाढले. बेकायदेशीर हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा होता.

सूचनेच्या खाली त्या लोकांनी एक प्रश्न विचारला होता. असे जुने प्रोसेसर अजून कोण वापरतं? आणि खऱ्या यंत्रांवर नियमित चाचणी करून कळवणारं कोणी आहे का? हा प्रश्न शोधून काढला चाचांनीच. त्या लोकांची इंग्रजीतली चर्चा ते रोज एक-एक ओळ शब्दकोश घेऊन वाचत. लिहिणं मात्र त्यांना जमेल असं वाटत नव्हतं, म्हणून मला बोलावलं. चहा सांगितला, सतराच्या सतरा पत्रिका टेबलावर मांडल्या आणि म्हणाले, "चारच वाक्य लिख. आमनाकडे सतरा मशीनी शेत. त्या चाली ऱ्हायन्यात. कोन वापरस ते लिख. आनि मी दर आठवडाले तपासीसन सांगसू, हाई पक्कं लिख."

मी चार पानं लिहिली. इंग्रजी माझं बरं आहे आणि त्या दिवशी ते सुसाट सुटलं होतं. तुमची किमान पायरी म्हणजे आमच्या डोंगरावर घातलेलं कुंपण आहे. वेगाच्या नावाखाली तुम्ही गरिबांना यंत्रासकट भंगारात काढता. मुक्त हा शब्द वापरायचा तुम्हाला अधिकार नाही. अजून बरंच होतं. चाचांची तीन वाक्यं मी त्यात पेरली. चौथं गाळलं. मी तपासून देईन, हे मला आर्जव वाटलं. हक्क मागताना कोणी चाकरीची तयारी दाखवतं का? आमच्या घरात ते शिकवलेलं नव्हतं. पत्र पाठवलं आणि चाचांना मराठीत थोडक्यात सांगितलं. "चारी वाक्य लिखात ना?" त्यांनी विचारलं. "हां चाचा, त्याना शिवाय बी लिखं," मी म्हटलं. ते पत्रिका गोळा करू लागले.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पत्र माझ्या नावाने होतं, म्हणून मलाही आलं आणि त्यांच्या जाहीर चर्चेतही लागलं. तीन ओळी होत्या. तुमची अडचण कळली, वाईट वाटतं. आमच्यापैकी कोणाकडे आता अशी यंत्रं नाहीत, त्यामुळे चालतं की नाही हे आम्हाला कळूच शकत नाही. तुमच्याकडून कोणी तपासून देऊ शकेल का? आज या तीन ओळी वाचताना मला त्यांत एक थकलेला, सभ्य माणूस दिसतो. नोकरी करून घरी आल्यावर बिनपगारी काम करणारा. तेव्हा मला त्यात कचेरीतला बाबू दिसला, कागद आणा मग बघू म्हणणारा. मी दुसरं पत्र लिहिलं. तपासणं ही तुमची जबाबदारी आहे, आम्ही तुमचे नोकर नाही, अशा थाटाचं. त्यावर कोणी काही बोललं नाही. पुढे पायरी वर सरकल्याची घोषणा झाली. मी या साऱ्यावर एक पत्रक काढलं, 'यंत्रांचं विस्थापन' नावाचं. शहाद्याच्या सभेत ते हातोहात संपलं, लोकांनी पाठ थोपटली. चाचांनी दोन प्रती मागून घेतल्या.

मधल्या काळात, घोषणेच्या आधी, एका संध्याकाळी मी दुकानात होते. चाचा पंख्यातली धूळ ब्रशने काढत होते. वर न बघता विचारलं, "त्यासनं काही उत्तर उनं का व?"

"नही चाचा," मी म्हटलं. "त्यासले आपली काय पडेल शे?"

ब्रश क्षणभर थांबला. "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "चहा पी ले. थंडा व्हई ऱ्हायना."

मी खोटं का बोलले? तपासून द्याल का असं ते विचारताहेत म्हटलं असतं, तर चाचा लगेच हो म्हणाले असते, आणि मी ते वाक्य गाळलंय हे उघडं पडलं असतं. इतकं साधं कारण होतं. पुढे घोषणा झाल्यावर मी जाऊन सांगितलं की हरलो. चाचा म्हणाले, "हरनूत ते हरनूत." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. मला तेव्हा तो म्हातारपणाचा सोशिकपणा वाटला, थोडा रागही आला. नंतरच्या वर्षभरात मी तिकडे कमी गेले. जाईन तेव्हा ते कामात दिसत. यंत्रं वर अजून चालतात का, हे मी एकदाही विचारलं नाही. मोडलेली लढाई पुन्हा कशाला उकरायची… असं मी मनाला सांगत असे. खरं तर मला भीती वाटत होती.

चाचा जाऊन महिना झाल्यावर नसरीनने बोलावलं. दुकान रिकामं करायचं होतं. अब्बांच्या संगणकात काय ठेवायचं, काय पुसायचं, तुला कळेल, म्हणाली. चाव्या आणि पासवर्डाची चिठ्ठी देऊन ती घरी गेली. मी टपाल उघडलं. पाठवलेल्या पत्रांमध्ये वर्षभराची पत्रं होती, सगळी इंग्रजीत, सगळी चाचांची. त्यातलं सर्वांत जुनं मी उघडलं. माझ्या दुसऱ्या पत्रानंतर तीन दिवसांनी लिहिलेलं. त्यांची इंग्रजी मोडकी होती, क्रियापदं सुटी पडलेली, पण अर्थ कुठेच सुटला नव्हता. मी तो इथे मराठीत देते:

"साहेब, मी हनीफ. ती मुलगी माझ्यासाठी लिहिते. ती रागावली आहे. तिचा राग खरा आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तिच्याकडून एक गोष्ट लिहायची राहिली. मी दर आठवड्याला तपासून सांगू शकतो. माझ्याकडे तशीच दोन यंत्रं इथे दुकानात आहेत आणि सतरा यंत्रं शाळांत आहेत. यादी जोडली आहे."

मी खुर्चीवरून उठले आणि शटरपाशी जाऊन उभी राहिले. रस्त्यावर बाजार भरला होता, कोणीतरी पपयांचा भाव करत होतं. ज्या माणसाने मूळ प्रश्न शब्दकोश घेऊन वाचला, तो त्याचं उत्तरही वाचणार, इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी त्यांची लेखणी झाले होते, आणि तेवढ्यावरून त्यांना डोळे नाहीत असं धरून चालले होते. तारखा ताडून पाहिल्या. उत्तर आलं का, असं चाचांनी मला विचारलं, त्याच्या आदल्या दिवशीचं हे पत्र आहे. त्यांना सगळं माहीत होतं. उत्तर आल्याचं, मी काय लिहिलं त्याचं, काय लिहिलं नाही त्याचंही. ठाऊक असून विचारलं. ब्रश थांबला तेवढ्यात मला खरं सांगायला एक जागा करून दिली होती त्यांनी. मी ती घेतली नाही. नंतर वर्षभर त्याबद्दल मला एका शब्दाने बोलले नाहीत. ही माया होती, की मला काही सांगण्यात अर्थ नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं? हे विचारायला आता कोणी नाही. झोपताना, जीपमध्ये, सभेत बोलताबोलता मध्येच तो थांबलेला ब्रश दिसतो आणि पुढचं वाक्य सापडत नाही…

बाकीची पत्रं वाचत गेले तसा सगळा हिशोब उलगडला. मुख्य प्रणालीची पायरी वर सरकलीच, ती कोणी थांबवू शकलं नाही. पण चाचांच्या पत्रानंतर त्यांच्यातल्या तिघांनी जुन्या यंत्रांसाठी प्रणालीची एक वेगळी शाखा, म्हणजे जुन्या पायरीवरच चालणारी पण नव्याने सुधारत राहणारी आवृत्ती, चालू ठेवायचं कबूल केलं. अट एकच होती: खऱ्या यंत्रांवर दर आठवड्याला कोणीतरी तपासलं पाहिजे. तपासणी थांबली की काही आठवड्यांत शाखा बंद. चाचा दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर शटर अर्धं ओढून तपासत होते आणि अहवाल पाठवत होते. काय चाललं, काय अडकलं, किती वेळात सुरू झालं. एका अहवालात लिहिलंय, शाळेत अर्जाचं पान उघडलं, छापलं, बाई खूश. ही ओळ त्या परदेशी माणसांना काय कळली असेल? एकाने मात्र उलट लिहिलंय, तुमची शेवटची ओळ वाचून आमचा आठवडा चांगला गेला.

मला शत्रू हवा होता आणि मी तो बनवला. चाचांना सोबत हवी होती, ती त्यांनी मोडक्या क्रियापदांनी मिळवली. म्हणून मी रागाचा त्याग करतेय असं कोणी समजू नये. किमान पायरी कोण ठरवतं, कोणाला विचारून ठरवतं, हा प्रश्न मी विचारणारच. चालणारी यंत्रं भंगारात काढणाऱ्या व्यवस्थेबद्दल माझं मत तेच आहे. पण माझ्या चार पानांनी एकही यंत्र चालू राहिलं नाही, हेही तितकंच खरं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी लिहिताना ते झाकायला मला लाज वाटते.

न वाचलेल्या पत्रांत वरचंच पत्र त्या तिघांपैकी एकाचं होतं: हनीफ, चार आठवडे तुमच्याकडून काही आलं नाही. सगळं ठीक आहे ना? तुम्ही नसाल तर आम्हाला शाखा थांबवावी लागेल. मी उत्तर लिहायला बसले. दोन पानं लिहिली, पुसली. शेवटी चारच वाक्यं ठेवली. हनीफ शेख वारले. ती दोन पत्रं लिहिणारी मुलगी मी आहे. त्यांनी लिहिलंय की एक गोष्ट माझ्याकडून राहिली, पण ती राहिली नव्हती, मी गाळली होती. या आठवड्याची तपासणी मी करून पाठवते, कशी करायची ते सांगा.

त्यांनी सांगितलं. शिकायला वेळ लागतोय. पहिल्यांदा मी यंत्र सुरूच करू शकले नाही. दुसऱ्यांदा वसावे गुरुजींना फोनवर धरून बसवलं. ते तिकडे शाळेत, मी इकडे. "ताई, पडदा काळा आहे." "थांबा गुरुजी." "अजून काळाच आहे, ताई. चाचा असते तर तोवर एक गोष्ट सांगितली असती." मला गोष्ट येत नव्हती. आम्ही दोघं फोन कानाला लावून पडद्याची वाट बघत राहिलो, आणि बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आलं."

नसरीनने दुकान अजून रिकामं केलेलं नाही. राहू दे काही दिवस, म्हणते. अहवाल जातो तो चाचांच्या खात्यावरून, कारण तपासणाऱ्यांच्या यादीत नाव त्यांचं आहे. नाव बदलून तुमचं घालू का, असं तिघांनी दोनदा विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही. त्यांच्याकडच्या कुठल्याशा यंत्राने आपोआप पाठवलेलं एक पत्र दर शुक्रवारी दुपारी येतं: हनीफ, तुमचा या आठवड्याचा अहवाल बाकी आहे. ते येतं तेव्हा मी दुकानात असते. शटर अर्धं ओढून घेते आणि कामाला बसते.